मंदात तुयं काय काम

ग्रामीण रुग्णालयाच्या मागच्या खोलीत,
जिथं आधी फिनाइलचे डबे असायचे,
तिथं माझा सर्व्हर आहे.
भिंतीवर पाल, खाली इन्व्हर्टर,
आणि नागभीड रस्त्यावरच्या राइस मिलचा कोंडा
खिडकीतून येऊन पंख्याच्या जाळीत बसतो.

काम एकच.
चेतना गेडाम छातीचे एक्स-रे काढते,
ते नागपूरला पोचवायचे.
तिथला डॉक्टर बघून सांगतो
फुप्फुसात काय वस्तीला आलंय.

माझा पहिला प्रोग्राम
फार आज्ञाधारक होता.
कर्नलच्या हातून फाइलचा एक घास
आपल्या ओंजळीत घ्यायचा,
आणि तीच ओंजळ
परत कर्नलच्याच हातावर रिकामी करायचा :
हे घे, सॉकेटकडे ने.
एका फिल्मपायी हजारदा उंबरठा ओलांडायचा.
दुपारपर्यंत डबा एवढा तापायचा
की चेतना त्यावर तळवा ठेवून म्हणायची,
"यालेच ताप हाय, याचाच काढू का फोटो?"

मिलवर हमालांचे मुकादम डोमाजी नन्नावरे.
एकदा एक नवा पोट्टा
ट्रॉलीतली धानाची पोती
आधी वऱ्हांड्यात रचत होता, नीट, एकावर एक,
मग तिथून उचलून हौदाकडे नेत होता.
डोमाजी लांबूनच ओरडले,
"काहून रे बावा, पूजा करतं का पोत्याची?
ट्रॉली तिथं, हौद तिथं.
मंदात तुयं काय काम?"

त्या रात्री मी ओंजळ पुसून टाकली.
बारा ओळी गेल्या, उरली एक.
सेंडफाइल : हा फाइलचा आकडा, हा सॉकेटचा,
इथून सुरू कर, एवढं ने.
आपण दोन दारांचे नंबर सांगायचे
आणि बाजूला व्हायचं.

मागितलं तेवढं नेतंच असं नाही.
एक कोटी बाइट सांगितले
तर लाइन पेंगत असताना
छप्पन लाखांवर थांबतं.
पण तसं सांगतं.
एवढं गेलं, म्हणतं,
आणि कुठवर आलो त्याची खूण ठेवतं,
पुढची खेप तिथूनच.
कधी म्हणतं, आत्ता नाही, जरा वेळानं ये.
याचा राग मानायचा नसतो.
(पंचायत समितीत मी सहा महिने खेटे घातलेत,
इतकं सरळ उत्तर मला कुणी दिलं नाही.)

डबा थंड राहू लागला.
एक मात्र झालं.
आधी सगळं माझ्या ओंजळीतून जायचं
तेव्हा मी कधीमधी एखादी फिल्म उघडायचो.
बरगड्या : बांध्यांच्या धुऱ्यांसारख्या,
एकीखाली एक,
कोपऱ्यात नाव, वय.
गरज नव्हती.
बघायचो.

आता लॉगमध्ये नुसते आकडे.
परवा एक गेली, अकरा वाजून सात मिनिटांनी,
तीन खेपांत, पूर्ण.

संध्याकाळी टपरीवर डोमाजी भेटले.
"सकाळी तुह्याच दवाखान्यात होतो," म्हणाले.
"बाईनं फोटो काढला छातीचा. गेला का?"

"गेला. पूर्ण गेला."

"तू पाह्यला?"

"नाही," मी म्हटलं.
"मंदात माझं काय काम."

आपलंच वाक्य त्यांना ओळखू आलं.
हसले, आणि हसता हसता
खोकला लागला,
थांबेना.

चहा हिंदकळत होता.
मी त्यांच्या हातातला ग्लास
माझ्या हातात घेतला,
आणि खोकला ओसरेपर्यंत
धरून उभा राहिलो.